बकुळेचा तिसरा ठिपका

ऐका बरं का! पण आधी जरा मागे वळून बघा, कोणी चोरून ऐकत नाही ना? कारण ही गोष्ट आहे मोहरवाडीची, आणि मोहरवाडीत तेव्हा सगळी माणसं अशीच मागे बघत बघत बोलायची.

आधी असं नव्हतं हो! आधी मोहरवाडी म्हणजे कशी, हसरी, नाचरी, फुलाफुलांची. कौलांवर गुलाबी वेली, अंगणात पिवळीधमक शेवंती, आणि रोज सकाळी दारोदारी पांढरीशुभ्र रांगोळी. या रांगोळीची तिथं एक गोड रीत होती. घरात जेवायला जितकी माणसं, दारात तितकेच ठिपके. पाहुणा आला की एक ठिपका वाढवायचा. शेजारीण नुसती अंगणात डोकावली तरी तिला कळायचं, आज यांच्याकडे भाकरी किती लागणार.

मग काय झालं, म्हातारा राजा वारला आणि त्याचे दोन मुलगे सिंहासनासाठी भांडायला लागले. थोरल्याचं निशाण पिवळं, धाकट्याचं जांभळं. भावाभावांचं भांडण घरात मिटलं असतं तर बरं होतं, पण त्यांनी काढल्या तलवारी! तलवारी धरायला माणसं हवीत, म्हणून दोघांचे शिपाई गावोगाव फिरून बाप्यांना धरून न्यायला लागले. ज्या घरचा माणूस पिवळ्यांनी नेला ते घर पिवळं, ज्याचा जांभळ्यांनी नेला ते जांभळं. मोहरवाडीच्या गल्लीत मधोमध बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं. पलीकडच्या विहिरीचं पाणी अलीकडचे पिईनात. पलीकडची कोंबडी अलीकडे आली तरी लोक म्हणायचे, "हेरगिरी करायला आली असेल मेली!"

या गल्लीत अलीकडच्या बाजूला, शेवटच्या चिमुकल्या घरात राहायची बकुळा. आठ वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची, ठिगळांच्या परकराची. तिचे बाबा राजाच्या बागेचे माळी. त्यांना पिवळ्यांनी ओढून नेलं होतं. तेही कुठून, तर धान्याच्या रिकाम्या कणगीतून! बाबा कणगीत लपलेत हे आईला ठाऊक, बकुळेला ठाऊक, आणि समोरच्या चंद्राक्काला ठाऊक. चाळण परत द्यायला आली होती ना ती त्याच वेळी. मग सांगितलं कोणी? उघडच आहे, असं बकुळेला वाटायचं. त्या दिवसापासून चंद्राक्काचं नाव निघालं की ती कानांवर हात ठेवायची.

बाबा गेले आणि आईनं अंथरूण धरलं. ताप आला, उतरला, पण पोटात घोट टिकेना. वैद्यबुवा आले ते आधी कुंपणाकडे बघत, मग नाडी बघत. हळूच म्हणाले, "पोरी, औषध काही नाही. ताजं गोड ताक पाज, तीन दिवस. ताक मिळालं तर आई उठेल. नाही मिळालं तर..." आणि चपला घालून निघाले.

ताक आणायचं कुठून? अलीकडच्या बाजूला एकही गाय उरली नव्हती, शिपायांनी नेल्या होत्या. उरली होती फक्त पलीकडची कपिला. चंद्राक्काची!

दुपारी बकुळा राजाच्या ओसाड बागेत तांदुळजा खुडायला गेली. बागेत कोणी फिरकत नसे. पिवळे म्हणायचे, जांभळ्यांनी तिथं साप सोडलेत; जांभळे म्हणायचे, पिवळ्यांनी. साप काही नव्हते बरं का, फक्त निळीनिळी गोकर्णं आणि लालचुटूक जास्वंदी मोकाट फुलल्या होत्या. कुंपणाचं टोक बागेपर्यंत आलं होतं, आणि तिथल्या काट्यांत काहीतरी लुकलुकलं. बकुळा वाकली. बघते तर काय, बोटाएवढी इवलीशी परी! झुळझुळीत झगा, दवबिंदूंचा हार, आणि नाजूक पंख काट्यात अडकलेला.

बकुळा दोन पावलं मागे सरली. "तू कोणाकडची ग? पिवळ्यांची की जांभळ्यांची?"

"आधी सोडव, मग विचार ना," परी कळवळून म्हणाली.

"नाही, आधी सांग! तुझे पंख पिवळे दिसतायत... नाही, जांभळे..."

"उन्हात पिवळे, सावलीत जांभळे. त्याला मी काय करू ग?"

बकुळेला ते काही पटलं नाही. पण पंखाची किनार फाटत चालली होती, आणि ते तिला बघवेना. तिनं ओठ चावत, अगदी अलगद, एकेक काटा बाजूला केला. तिच्याच बोटातून टचकन रक्त आलं.

परी भुर्रकन जास्वंदीवर जाऊन बसली. "विश्वास नव्हता तरी सोडवलंस! माग, काय हवं ते माग."

"आईला ताक," बकुळा म्हणाली. लगेच डोळे बारीक करून पुढे म्हणाली, "आणि फुकट कशाला देशील तू? खरं सांग."

परी खुदकन हसली. तिनं मोगऱ्याच्या कळीएवढी मोतिया शिंपली पुढे केली. "हे विरजण. दोनदा पुरेल एवढंच आहे. डोळ्याचं पातं लवतंय तोवर घट्ट दही लागेल. पण याचे नियम आहेत हं! तुझा सगळ्यात जास्त संशय जिच्यावर, तिच्याच घरच्या दुधात हे लावायचं. लावताना दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं. कुणाच्याही मनात संशयाचा कण जरी असला, तरी दूध नासेल. आणि सूर्य मावळायच्या आत, बरं का."

"तिच्या घरी? मुळीच नाही!" बकुळा फणकारली. पण परी कुठली थांबायला! पाकळीमागे गेली ती गेलीच.

बकुळा घरी आली. आईचा हात हातात घेतला तर गार लागला. मग तिनं शिंपली मुठीत घट्ट धरली आणि कुंपणाखालून सरपटत थेट पलीकडे गेली. परकर आणखी दोन ठिकाणी फाटला.

चंद्राक्का ओसरीवर बसली होती. बकुळेला बघताच ताडकन उठली. "तू ग? कोणी पाठवलं तुला? काय बघायला आलीस?"

"कोणी नाही पाठवलं. दूध हवंय वाटीभर. त्यात हे विरजण लावायचंय. आई आजारी आहे."

"आणि वाटीत काय टाकायचं म्हणतेस? बघू ती मूठ! माझ्या कपिलेला विष घालायचा बेत आहे का तुम्हा पिवळ्यांचा?"

"तुम्ही पिवळ्यांना आमचे बाबा दाखवलेत, आणि आम्हाला विष म्हणता!"

"मी? अग, तुझ्या आईनं माझा लेक भानू जांभळ्यांना दाखवला! गोठ्यात वैरणीखाली होता तो. तुमच्याच खिडकीतून दिसतो तो गोठा!"

दोघी मांजरांसारख्या एकमेकींकडे बघत राहिल्या. तरी चंद्राक्कानं वाटीभर दूध आणलंच. आजारी माणसाच्या नावानं मागितलेलं दूध तिला नाही म्हणवेना. बकुळेनं अर्धं विरजण सोडलं, अक्काच्या डोळ्यांत बघितलं, आणि मनातल्या मनात म्हणाली, चहाडखोर कुठली! वाटीतलं दूध फाटलं. पांढऱ्या गाठी आणि हिरवट पाणी.

"बघ! विषच होतं!" अक्का ओरडली.

बकुळा तिथंच उंबऱ्याशी बसली आणि मान खाली घालून मुळूमुळू रडायला लागली. रडता रडता तिला समोर रांगोळी दिसली. इवलीशी, साधीशी. दोन ठिपके.

"अक्का," ती हुंदका गिळून म्हणाली, "तुम्ही तर एकट्याच. मग ठिपके दोन का?"

चंद्राक्काचा आवाज एकदम खाली आला. "एक माझा, एक भानूचा. रोज काढते. ज्या दिवशी त्याला नेलं त्या दिवशीही काढला होता. शिपाई आला, इथं दारात उभा राहिला, खाली बघितलं आणि म्हणाला, 'माणसं दोन आहेत. दुसरा कुठाय?' "

बकुळेच्याही दारात शिपाई असाच उभा राहिला होता. असाच खाली बघत. 'माणसं तीन आहेत. तिसरा कुठाय?' असं म्हणाला होता. आणि मग घरभर शोधत, भांडी फोडत, शेवटी कणगी उलथली होती. कोणी सांगितलं असतं तर भांडी कशाला फोडली असती त्यानं?

"अक्का..." ती डोळे पुसत म्हणाली, "त्या दिवशी आमच्या दारातली रांगोळी मी काढली होती. बाबांचा ठिपका मीच काढला होता."

अक्कानं आपल्या दारातल्या दोन ठिपक्यांकडे बघितलं. शिपायांत कोणीतरी आसपासच्या गावचा असणारच, त्याला ही रीत ठाऊक असणारच. कोणी चुगली केली नव्हती. दोघींनी आपापल्या हातानं, मायेनं, आपल्याच माणसाचा पत्ता दारात लिहून ठेवला होता.

"मीच धरून दिलं बाबांना!" बकुळा हमसून हमसून रडू लागली.

"गप ग माझे बाई, गप!" अक्कानं तिला पोटाशी धरलं. तिचेही डोळे घळघळा वाहत होते. "मग मी काय भानूला धरून दिलं? माणूस आपलं म्हणून मोजणं हा काय गुन्हा आहे का? आणि मी मेली इतके दिवस तुझ्या आईला शिव्या घालतेय! ऊठ, ऊन कलतंय. कपिला अजून शेरभर देईल."

दुसरी वाटी आली. उरलेलं विरजण सोडताना दोघींनी एकमेकींकडे बघितलं. चार डोळे लालबुंद, पण आत काही लपलेलं नव्हतं. वाटीत चमचम झाली आणि पांढरंशुभ्र, थरथरतं, घट्ट दही लागलं!

अक्कानं स्वतः रवी फिरवली. स्वतः कोयत्यानं कुंपण तोडलं आणि ताकाचा तांब्या घेऊन बकुळेच्या घरात शिरली. आईनं तिला बघून आधी तोंड फिरवलं. मग सगळं ऐकलं आणि तांब्यासाठी हात पुढे केला. तो घोट पोटात टिकला. त्याच दह्याचं विरजण लावून अक्का रोज ताक आणत राहिली. तिसऱ्या दिवशी आई भिंतीला धरून उभी राहिली.

तोवर ठिपक्यांची गोष्ट गावभर झाली होती. ज्याला त्याला आपल्या दारात वाकून बघणारा शिपाई आठवत होता. चौथ्या दिवशी खबर आली, दोन्हीकडचे शिपाई पुन्हा येतायत, उरलेली माणसं न्यायला. बकुळा म्हणाली, "ठिपके पुसायचे नाहीत. वाढवायचे!" आणि सकाळी अख्खी गल्ली रांगोळीनं भरली. पिवळ्यांच्या दारातून जांभळ्यांच्या दारात, हजारो ठिपके, एकात एक गुंफलेले. कुठलं घर कुठं संपतं तेच कळेना. पिवळा शिपाई मोजायला लागला, जांभळा मोजायला लागला, सातशेला दोघंही चुकले, आणि "ह्यांच्यात आपले कोण तेच समजत नाही," म्हणत कपाळावर हात मारून परत गेले.

मावळतीला बकुळेनं आपल्या दारात तीन ठिपके काढले. तिसरा अगदी जपून टेकवला. तेवढ्यात त्या ठिपक्यावर इवली परी उतरली, एक पंख उन्हात, एक सावलीत.

"मागितलंस ते दिलं," ती म्हणाली. "हे न मागितलेलं." आणि ठिपक्यातून असा लख्ख सोनेरी झोत उठला की गल्लीतला एकूण एक ठिपका चांदणीसारखा पेटला. त्या उजेडात परी विरघळून गेली.

उजेड ओसरला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दोन माणसं उभी होती. एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकलेली, एकाच्या अंगावर पिवळ्या चिंध्या, दुसऱ्याच्या अंगावर जांभळ्या. चंद्राक्का "भानू!" म्हणून धावली. बकुळेचे बाबा मात्र तिथंच थबकले. पायाखाली सगळी रांगोळीच रांगोळी, पाऊल टाकायला जागा नाही. रांगोळीवर पाय कसा द्यायचा?

"द्या पाय, बाबा!" बकुळा दारातून ओरडली. "पुसलं तर पुसू दे. उद्या परत काढीन!"