तीन हात वात

"मग देवानं दिलेला हात खोटा, आणि सरकारनं दिलेली पट्टी खरी. असंच ना, बुवा?"

तिपण्णा मुकादमानं मठीच्या उंबऱ्यावरूनच हे विचारलं. रामराम नाही, पाणी नाही, एकदम तोफेला बत्ती.

म्हाळिंगबुवा सुपारी कातरत होते.

"बस," एवढंच म्हणाले.

तो बसला. हातातली पिशवी त्यानं खाली आपटली. त्याचा धाकटा भाऊ इराप्पा बाहेर लिंबाखाली थांबला होता. त्याला आत बोलवायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

मी गावचा शिंपी. उन्हाळ्यात काम नसलं की माळावरच्या या मठीत येऊन पडतो. बुवांपुढं कोण येतं, काय बोलतं, ते ऐकत बसतो. वाईट खोड आहे, पण आहे. त्या दिवशी देवाच्या निशाणाला टाके घालत होतो.

तिपण्णाची टोळी विहिरी खोदायची. आमच्याकडं वर जेमतेम माती, की खाली काळा पत्थर. तो सुरुंगाशिवाय हलत नाही. भोकात दारू ठासायची, तिला वात लावायची, वात पेटवायची आणि दोर धरून वर यायचं. वात जळत जळत दारूपाशी पोचायच्या आत माणूस काठावर पाहिजे. एवढाच सगळा खेळ.

वात कापायचा मान मुकादमाचा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असे तीन. त्याच्या बापाच्या वेळेपासून टोळीचा हाच रिवाज होता. मुकादम काठावर बसून कापणार, दुसरा खाली उतरून पेटवणार.

त्या साली बाजारात शेर जाऊन किलो आला होता आणि वार जाऊन मीटर. माझ्याकडं बायका भांडायला यायच्या, चोळीचं कापड कमी कसं पडलं म्हणून. तेच वारं आता विहिरीपर्यंत पोचलं होतं. ओव्हरसियरनं तिपण्णाच्या हातात टेप दिला आणि सांगितलं, वात दीड मीटर कापायची, मोजून कापायची, नाहीतर दारू मिळणार नाही.

तिपण्णानं सगळ्यांदेखत तो टेप विहिरीत फेकला.

तेव्हापासून काम बंद होतं. टोळीत दोन तट पडले होते. निम्मे म्हणत, टेप तर टेप, पोट भरू द्या. निम्मे म्हणत, मुकादमाचा हात तोच आमचा कायदा. शेवटी ठरलं, बुवा म्हणतील तसं. पलीकडच्या गावचा एक विहीरमालक परस्पर दारू द्यायला तयार होता आणि तो टेपबिप काही विचारणार नव्हता. बुवांनी हो म्हटलं की उद्या सकाळी तिथं पहिला सुरुंग.

"आज वात मोजतात," तिपण्णा म्हणाला, "उद्या घास मोजतील, पाऊल मोजतील. वीस वर्षं मी पत्थर फोडतोय. माझं माप माझ्या अंगात आहे, बुवा. ते कुणाच्या बापाकडून उसनं आणलेलं नाही."

खरं सांगतो, मला पटलं. माझ्या गळ्यात टेप लोंबत होता, तो मी हळूच काढून मांडीखाली सरकवला.

आणि बुवा दुसरं काय म्हणणार होते? त्यांच्या मठीत घड्याळ नाही. एकानं लाखभर जप केल्याचं सांगितलं, तर त्याला म्हणाले होते, मोजत होतास की नाव घेत होतास? असा माणूस पट्टीच्या बाजूनं बोलेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. मी आपला निवांत टाका घालत होतो.

"वात कोण कापतो?" बुवांनी विचारलं.

"मी."

"खाली कोण उतरतो?"

"इराप्पा."

"त्याला विचारलंस?"

"त्याला काय विचारायचं? लहान आहे तो."

लहान म्हणजे चांगला पंचवीस वर्षांचा, लग्न झालेला गडी. पण थोरल्याला धाकटा कायम लहानच.

बुवांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

मग म्हणाले, "माघात काय झालं होतं?"

तिपण्णानं हात झटकला. ते सगळ्यांना ठाऊकच होतं. माघात तो सासुरवाडीला लग्नाला गेला होता, म्हणून वात चुलतभावानं, मल्लूनं कापली. इराप्पानं ती पेटवली आणि दोर धरला. अर्ध्यावर आला नाही तोच खाली सुरुंग उडाला. पाठ सोलून निघाली, डावा कान कायमचा गेला.

"काळ आला होता, वेळ आली नव्हती," तिपण्णा म्हणाला. "वातच लबाड निघाली. मी त्या दुकानाची पायरी सोडली. मरीआईला बोकड दिला."

"मल्लूनं किती कापली होती?"

"तीनच हात. देवाशपथ. मोजताना चार माणसं उभी होती."

"पिशवीत काय आहे?"

"उद्याची वात. नव्या दुकानातली."

बुवांनी हात पुढं केला. तिपण्णानं वातीचं भेंडोळं काढून दिलं. त्याला वाटलं असणार, बुवा अंगारा लावून देणार. मलाही तेच वाटलं.

आता बुवा म्हणजे मूठभर माणूस. खांबाआड बसले तर दिसायचे नाहीत. त्यांनी वातीचं टोक आपल्या कोपराला लावलं आणि बोटांपर्यंत ताणलं. एक. मग दुसरा हात. मग तिसरा. आणि सुपारीच्या अडकित्त्यानं वात कचकन तोडली.

तिपण्णा हसला. मीही हसलो, सांगायला लाज वाटते.

"तीन हात," बुवा म्हणाले. "उद्या काठावर मी बसतो. तू उतर."

माझी सुई हातातच राहिली.

मी शिंपी माणूस, लांबीतला फरक माझ्या डोळ्याला लपत नाही. तिपण्णाच्या तीन हातांपेक्षा ती वात चांगली वीतभर कमी होती. वीतभर वात म्हणजे किती श्वास, ते मला माहीत नव्हतं. तिपण्णाला माहीत होतं. तो वात तळहातावर घेऊन नुसता बघत राहिला, आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला.

"बुवा, थट्टा करताय ..."

बुवांनी अडकित्ता पुसून बाजूला ठेवला.

बाहेरून इराप्पा आत आला. आतलं बोलणं त्याला किती ऐकू गेलं होतं, देव जाणे. त्यानं भावाच्या हातातली वात उचलली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून ओढली. दर खेपेला ती लावणारा तोच होता. आमच्यापैकी कुणी ती कधी पेटवली नव्हती.

"अण्णा," तो म्हणाला, "त्या दिवशी एवढीच होती."

कान गेल्यापासून तो मोठ्यानं बोलायचा. मठी दणाणली.

तीन महिने आम्ही सगळे वातीला शिव्या घालत होतो, दुकानदाराला शिव्या घालत होतो. बोकड कापून खाल्ला, त्यात मीही जेवलो होतो. मल्लूच्या बुटकेपणावर गावात रोज विनोद व्हायचे. पण हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तिपण्णा भावाकडं वळला.

"तुला ... तुला तेव्हा कळलं होतं?"

"हातात घेतली तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस, इराप्पा?"

इराप्पा गोंधळला. असं विचारण्यासारखं यात काय आहे, तेच त्याला समजेना.

"तीन हात होती ना, अण्णा. मग काय बोलणार?"

...

मी तिपण्णाला पत्थराखाली बोट चेंगरलं तरी हूं की चूं न करताना पाहिलंय. त्या क्षणी तो भिंतीला टेकला. भावाच्या मानेवर शर्टातून वर आलेला गुलाबी व्रण त्यानं पाहिला, जसा काही पहिल्यांदाच पाहत होता. मला तिथं बसवेना, आणि उठवेनाही.

मग त्यानं इराप्पाच्या हातून वात काढून घेतली आणि दोन्ही हातांनी बुवांपुढं ठेवली.

"ही नको, बुवा. हिच्यावर माणूस वर यायचा नाही."

"तीन हात आहे."

"आहे. पण ..."

"पण काय?"

तिपण्णाचा आवाज इतका खाली गेला की मला पुढं वाकावं लागलं.

"तुमचा हात आखूड आहे, बुवा."

बुवांनी त्याच्याकडं पाहिलं.

"आखूड?" ते म्हणाले. "कशापेक्षा?"