काळ्या तारेची जागा

वस्तू एकमेकींशी भांडत, त्या काळची ही गोष्ट. बिस्किटांच्या डब्यात, भंगारातल्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर बसवून, भजनाच्या ॲम्प्लिफायरसाठी स्वस्तातला वीजपुरवठा तयार झाला. आरतीला ॲम्प्लिफायर नीट वाजला नाही, तर डबा पुन्हा भंगारात जायचा होता.

डब्यातून ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या तीन तारांपैकी अधिक विजेची लाल तार मिरवत म्हणाली, "मी कुंकवाची, ही शून्याची हिरवी चुड्याची. शुभकार्यात काळं नको गं बाई!"

"मंगळसूत्राचे मणी कुठल्या रंगाचे असतात गं?" उणे विजेच्या काळ्या तारेने विचारलं. तरी दोघींनी ॲम्प्लिफायरशी बांधलेली तिची गाठ सोडलीच.

आरती सुरू झाली. सूर वर चढे, पण खाली उतरताना फाटे. "काढा तो डबा!" कुणीतरी ओरडलं.

लाल तार घाबरली. "काळे, हळूच मागच्या बाजूने ये ना."

"मागून कशाला? मी काय चोरी केलीय? सुराला वर तू नेतेस, खाली मी उतरवते. तुझ्यासमोर बरोबरीने बसवत असाल तर येते. नाहीतर चला सगळ्या भंगारात!"

हिरवी मध्ये सरकली, दोघींपासून सारख्याच अंतरावर. काळी थाटात बसली, आणि आरतीचा पुढचा सूर सबंध निघाला.