दहावा माणूस

समुद्र आजच्याइतकाच खारट होता, पण आपले पणजेसुद्धा जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. कोकणच्या किनाऱ्यावर इस्राएली, म्हणजे ज्यू, तेल्यांचं एक गाव होतं. शनिवारी त्यांचा घाणा बंद, बैलालाही विश्रांती. पांढऱ्या केसांचा माणूस दिसला की उठून उभं राहायचं, ही तिथली रीत.

आबाजीबाबा गावात सर्वांत म्हातारे. ते सगळं विसरले होते. प्रार्थना विसरले, पोटच्या मुलाचं नावही विसरले.

एकदा तरुण इसाजीचा थोरला भाऊ खाडीत बुडाला. बाबा इसाजीच्या दारात आले आणि हसून म्हणाले, “आज सण आहे का रे?”

इसाजी भडकला. “माझा भाऊ गेला आणि हे उरले! चालते व्हा!”

बाबा निघून गेले. शेजारचे हसाजीकाका म्हणाले, “अरे, देवाच्या आज्ञा कोरलेल्या दगडी पाट्या फुटल्या, तेव्हा आपल्या पूर्वजांनी तुकडेही पवित्र पेटीत जपले. तू तर माणूस फेकलास!”

संध्याकाळी भावासाठी प्रार्थना म्हणायची होती. त्याला दहा पुरुष लागतात. गावातले बरेच पुरुष तेल विकायला परगावी गेलेले. मोजले, तर नऊच.

“आता बैलाला उभं कर दहावा म्हणून,” काका म्हणाले.

सूर्य टेकत आला होता. इसाजी धावत सुटला. बाबा घाण्यापाशी बसले होते.

“बाबा, मी इसाजी. दुपारी तुम्हाला हाकललं, तोच मी.”

“असं? मला नाही आठवत. रडतोस कशाला?”

“भाऊ गेला माझा.”

बाबांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि थरथरत उठले. “मग मी बसून कसा राहू?”

प्रार्थनेतला एकही शब्द त्यांना येईना. ते नुसते उभे राहिले. तेवढ्यानं दहा भरले.

सात दिवसांचं सुतक संपलं. लोक म्हणू लागले, “पुरे आता, घाणा जुंप.” सगळ्यांचं सांत्वन आटलं. बाबा मात्र रोज विचारत, “पोरा, रडतोस कशाला?”

“भाऊ गेला, बाबा.”

आणि रोज, जणू आत्ताच ऐकलं, असे त्यांचे डोळे भरून येत. रोज ते उठून उभे राहत. नव्वदीचा माणूस, एका पोरासाठी! इसाजीला वाटे, समोर डोंगर उठतो आहे.

मग बाबा लांबून दिसले, की तो बैल थांबवून आधीच उभा राहू लागला.

“कुणासाठी उभा रे?” बाबांनी एकदा विचारलं.

“तुमच्यासाठी.”

“मी कोण?”

“माझ्या भावाचा दहावा माणूस.”

तात्पर्य: म्हातारा माणूस सगळं विसरला, तरी त्याचा मान आपण विसरू नये.