चित्रपानी

मुलांनो, खारीला पहिल्यांदा खटकले ते अगदी एवढेसे होते. अंजिराच्या एका पानावर तिळाएवढा पिवळा ठिपका. ऊन पडले असेल म्हणून तिने जागा बदलून पाहिले, धूळ असेल म्हणून शेपटीने झाडून पाहिले. ठिपका जिथल्या तिथे. दुसऱ्या कुणी ते पान खाऊन टाकले असते आणि विषय संपवला असता. पण ही खार म्हणजे वाळका पाचोळा सरकला तरी दोन फांद्या वर उडी मारणारी. तिने शेजारचे पान पाहिले, मग त्याच्या शेजारचे, आणि तिथेही तसेच ठिपके दिसताच ती घाबरली.

घाबरायला कारणही तसेच होते. ती राहत असे त्या डोंगरउतारावर उन्हाळा फार कडक. ओढा आटला की पाण्याचा थेंब मिळायचा नाही. तेव्हा सगळ्यांची भूक आणि तहान दोन्ही भागे ती रसाळ अंजिरांवर. म्हणून वानर, साळिंदर, साळुंकी, ज्याने त्याने आपल्या दाराशी अंजिराचे एकेक झाड लावले होते. खारीनेही ढोलीसमोर काडी रोवून आपले झाड वाढवले होते. ते झाड गेले तर उन्हाळा काढायचा कसा, हा एकच प्रश्न तिला त्या ठिपक्यात दिसत होता.

आता या उतारावरची एक रीत सांगायला हवी. अंजिरे पाडाला लागली की सगळे एका सपाट कातळावर जमत. येताना आपापल्या झाडाचे एक फळ आणि एक पान आणायचे, शेजारी शेजारी मांडायचे आणि कोणाचे झाड कोणत्या वाणाचे, ते ठरवायचे. पानाला बोटे तीन की पाच, फळाची मान लांब की आखूड, बुडाशी असलेला डोळा मिटलेला की उघडा, फोडल्यावर आत गर लाल की मधाच्या रंगाचा, यावर तास न् तास वाद चालत. शेवटचा शब्द म्हाताऱ्या वानराचा. तो फळ हुंगायचा, चाखायचा, डोळे मिटायचा आणि नाव सांगायचा. साळिंदराचे झाड ‘लांबमान्या’ ठरले, त्या वर्षी साळिंदर महिनाभर मान उंच करून चालत होता. ज्याच्या झाडाला नवे नाव मिळे, त्याच्या दारी काड्या मागायला रांग लागे.

खारीच्या झाडाला आजवर नाव मिळालेच नव्हते. “साधं आहे,” एवढेच वानर म्हणे आणि पुढच्या फळाकडे वळे.

त्या वर्षी ती कातळावर गेली ती नावासाठी नव्हे. ठिपके आता वाढून पानभर पसरले होते, हिरव्यावर पिवळी नक्षी काढल्यासारखे. तिने पान पुढे ठेवले आणि अडखळत म्हणाली, “वानरदादा, हे जरा बघता का? मला वाटतं, झाडाला काहीतरी झालंय.”

वानराने पान उचलून उन्हात धरले. त्याने पान पालथे केले, पुन्हा सुलटे केले. आयुष्यभर त्याने पानांची बोटे मोजली होती, पण असे पान त्याच्या हाती कधी आले नव्हते. आणि आपल्याला माहीत नाही असे म्हणण्याची त्याला सवय नव्हती.

“अगं वेडे,” तो म्हणाला, “आजारी झाड इतकं देखणं दिसतं का? हा नवा वाण आहे. याचं नाव चित्रपानी.”

झाले. ज्यांनी कधी तिच्या झाडाखाली सावलीलाही पाय ठेवला नव्हता, ते सगळे तिच्याभोवती गोळा झाले. खारीने पुन्हा पुन्हा सांगितले की यंदा फळेही लहान धरली आहेत, काही तर पिकण्याआधीच गळाली आहेत. वानराने त्यावर मान डोलावली आणि लहान फळ ही या वाणाची दुसरी खूण, असे सर्वांना समजावून दिले. ती तरीही हटेना. तेव्हा साळुंकी पुढे आली. बोलण्यात तिला कोण हरवणार.

“द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हण ना, बाई. झाडाला कशाला आजारी पाडतेस?”

सगळे हसले. साळिंदर पुटपुटला, की कालपर्यंत हिला कोणी विचारत नव्हते, आज नाव मिळाले तर लगेच मूठ आवळली. खारीने इकडे तिकडे पाहिले. एकही डोळा तिच्या बाजूचा नव्हता. आणि मुलांनो, खोटे कशाला सांगू, ‘चित्रपानी’ हे नाव ऐकून तिलाही आतून थोडे बरे वाटले होते. इतके सगळे जण म्हणतात ते चूक कसे असेल, असा विचार तिच्या मनात आला. भित्र्या जीवाला असा विचार फार आवडतो. ती गप्प बसली.

पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या झाडाच्या काड्या दारोदार गेल्या. प्रत्येकाने आपल्या जुन्या झाडाला खेटूनच चित्रपानी लावली, कारण ओल तिथेच. काड्यांना पाने फुटली, पानांवर नक्षी उमटली, आणि उतारावर आनंदीआनंद झाला. पुढे ती नक्षी शेजारच्या जुन्या झाडावरही दिसू लागली. खारीने ती लांबमान्यावर पाहिली तशी ती धावत वानराकडे गेली. वानराने तिला बसवून घेतले, समजूत काढली. चांगल्या वाणाची संगत लागली की साधी झाडेही सुधारतात, असे तो म्हणाला. त्या दिवसापासून त्याने ठिपक्यांचेही प्रकार पाडले. गोल ठिपक्याची चित्रपानी वेगळी, लांबट ठिपक्याची वेगळी, शिरेलगत पिवळी पडणारी सर्वांत मानाची. सकाळ झाली की सगळे पाने घेऊन बसत आणि कोणाची जास्त पिवळी यावर भांडत.

दुसरा उन्हाळा आला. ओढा आटला. झाडांवर फळे धरली ती बोराएवढी, आणि एका गरम वाऱ्यात सगळी खाली आली. फोडून पाहावी तर आत गर नाही, नुसता भुसा. साळुंकीची पिल्ले दिवसभर चोच उघडून बसू लागली. तिच्या तोंडून आता शब्द फुटत नव्हता. साळिंदर मुळे उकरून चोखत होता. पहिल्यांदाच कातळावर कोणी फळ आणले नाही, आणणार तरी कुठून.

वानर आपल्या वाळक्या झाडाखाली बसून होता. त्याला कोणी काही बोलले नाही. इतक्या वर्षांचा मान, तोंडावर कसे बोलणार. मग बोलायला कोणीतरी हवेच होते. साळिंदर खारीच्या ढोलीखाली येऊन म्हणाला, “काडी तुझ्याच दारची होती.”

खारीच्या ओठावर आले की मी सांगितले होते. पण सांगून ती गप्प बसली होती, हेही तितकेच खरे होते. उतारावरची घरे एकेक करून रिकामी होऊ लागली.

त्यातच एके दिवशी उतार सोडून जाता जाता वानर तिला म्हणाला, तेही मोठ्या अभिमानाने, की निदान चित्रपानी जगातून नाहीशी तरी होणार नाही. त्याने थंडीतच धनेश पक्ष्याच्या चोचीत काड्यांची जुडी देऊन ती खिंडीपलीकडच्या सशांना भेट पाठवली होती. त्यांच्या खोऱ्यात अंजीर नव्हते. बोरीच्या झाडांवर त्यांचा उन्हाळा निघे.

जुडी वाटेत पडली असेल, काड्या वाळल्या असतील, अशी स्वतःची समजूत घालत खार खिंडीकडे पळत सुटली. ऊन, ससाणे, उघडा माळ, ज्याला ज्याला ती जन्मभर भ्यायली होती त्या सगळ्यातून ती गेली. खिंडीच्या टोकाच्या दगडावर उभी राहून तिने खाली हाक मारली, “कुणी आहे का? त्या काड्या लावू नका हो, रोगट आहेत.” खालून काहीच आले नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. घसा कोरडा पडून आवाज फाटला. आता एवढे लांबलचक बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तिने उरलासुरला श्वास गोळा केला आणि एवढेच विचारले, “त्या काड्यांचं काय केलंत?”

या वेळी खिंडीच्या पायथ्याशीच कोणीतरी चरत होते, म्हणून खालून उत्तर आले. एका सशाचा आवाज होता, तरुण, आनंदी, पोटभर जेवलेल्याचा.

“लावल्या की, ताई. जुन्या बोरी काढून टाकून जागा केली. एकूण एक जगली. आणि पानं काय नक्षीदार आलीत म्हणून सांगू, पलीकडच्या खोऱ्यातून आताच मागणी आलीय.”

तात्पर्य : रोगाला गोड नाव दिले म्हणून रोग हटत नाही, लोक त्याला घरोघर पाट मांडून बसवतात, एवढेच. आणि जो ओळखूनही लाजेखातर गप्प बसतो, त्याची हाक पुढे कितीही मोठी झाली तरी वेळेवर पोचत नाही.