गिरणी आणि टेकडी

एकदा एक तरुण गिरणीवाला पेढे घेऊन आपल्या गुरूंकडे आला. गुरू म्हणजे त्याला दळणाचा धंदा शिकवणारे वृद्ध अण्णा. पुलाच्या तोंडाशी असलेली वडिलांची चिंचोळी गिरणी सोडून तो नदीकाठी प्रशस्त जागा घेणार होता. संध्याकाळी करारावर सही व्हायची होती.

त्याने शहराचा नकाशा पसरला. लेकीच्या कंपासपेटीतले कर्कटक घेऊन त्याने नव्या जागेभोवती वर्तुळ काढले होते.

"अण्णा, यातली सगळी घरं आपली गिऱ्हाइकं. नदीपलीकडची टेकडीसुद्धा!"

"छान गोल आलंय रे," अण्णा म्हणाले. मग पिठाचा भरलेला डबा घेऊन ते त्याच्यासोबत नव्या जागेवर गेले. "ती बघ, समोर गच्चीवर कपडे वाळत घालतेय ना, ती माझी बहीण. हा डबा तिला देऊन ये. चालत."

आजच्या दिवशी हमाली? शिष्य मनात चरफडला. पण शब्द अण्णांचा होता. पुलापर्यंत लांबचा वळसा, मग टेकडीचा चढ. डबा खांद्यावरून डोक्यावर गेला, डोक्यावरून कमरेवर आला.

"अरे, तू कशाला आलास?" म्हातारी कळवळली. "कामावर जाताना नातू पुलाजवळच्या तुझ्याच गिरणीत दळण ठेवतो, येताना घेऊन येतो."

दीड तासाने तो घामाघूम होऊन परतला.

अण्णांनी त्याला पाणी दिले. "मी इथून हाक मारली असती, तर तिला ऐकू गेली असती. पण हाक सरळ जाते, डबा नाही. पायी जा नाहीतर गाडीवर, नदीला पूल लागतो आणि टेकडीला चढ. तुझं वर्तुळ पाखरांच्या सोयीचं आहे बाळा, आणि पाखरं दळण आणत नाहीत."

शिष्य हसला. मग त्याला वडील आठवले. टेकडीवरच्यांचे दळण ते नेहमी आधी काढून द्यायचे. त्याला तो पक्षपात वाटायचा.

संध्याकाळी सही झाली नाही. कर्कटक लेकीच्या पेटीत परत गेले. पुलाजवळच्या गिरणीत दिवा लागला, पट्टा फिरू लागला आणि दारातल्या गर्दीला त्याने विचारले, "टेकडीवर कोणाला जायचंय? त्यांचा डबा आधी द्या."

आपल्या माणसांचे अंतर मोजताना त्यांच्या वाटेवरचा चढही मोजावा.