मडक्याची भूक

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही, कारण या गोष्टीत राजाचं काम नाही. मुलांनो, तुम्ही ऐका. आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्या माणसांनो, तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐका. गोष्ट सुखाची नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ताला मानणाऱ्यांचं एक गाव होतं. मधोमध दगडी प्रार्थनाघर आणि भोवती गव्हाची शेतं. या गावाची एक रीत होती. प्रत्येक घरात चुलीजवळ एक लहानसं मडकं असे आणि त्यात खमीर असे. म्हणजे आंबवलेल्या पिठाचा गोळा, ज्याच्यामुळे भाकर फुगते. ख्रिस्त मरणातून उठला त्या पुनरुत्थानाच्या सणाला घरोघरचं खमीर एका मोठ्या लाकडी परातीत एकत्र मळायचं, त्याची एकच भाकर भाजायची आणि प्रभुभोजनात ती सगळ्या गावानं वाटून खायची. त्या भाकरीत गरिबाच्या मडक्यातलं कुठलं आणि पाटलाच्या मडक्यातलं कुठलं, हे कुणाला ओळखता येत नसे.

खमिराला मात्र रोज जेवायला लागतं. सकाळी त्यातलं थोडं भाकरीसाठी काढायचं आणि जेवढं काढलं तेवढंच नवं पीठ कोमट पाण्यात कालवून त्यात घालायचं. दोन दिवस विसरलात तर ते रुसून बसतं. फारच विसरलात तर मरून जातं.

गावातल्या एका घरात सासू आणि सून राहत होत्या. सून लग्न होऊन आली तेव्हा रीतीप्रमाणे माहेरच्या खमिराची वाटी घेऊन आली होती. सासूनं उंबरठ्यावरच ती वाटी आपल्या मडक्यात उपडी केली आणि म्हणाली, "झालं! आता यातलं माझं कुठलं आणि तुझ्या आईचं कुठलं, ते देवालाच ठाऊक." सुनेला तेव्हा हसू आलं होतं. तिचा आवाज गोड होता. प्रार्थनाघरात ती गायला लागली की मागच्या बाकावर पेंगणारे म्हातारेसुद्धा डोळे उघडत. नवरा कष्टाळू होता, एक मुलगी झाली होती, आणि देवाशी तिचं काही भांडण नव्हतं.

मग टोळधाड आली.

आधी लोकांना वाटलं, ढग आले. ढगांनी संध्याकाळपर्यंत शिवारात हिरवं पान ठेवलं नाही. पुढच्या वर्षी जमिनीतून टोळांची पिल्लं निघाली आणि उरलंसुरलं तेही गेलं. कणग्या रिकाम्या झाल्या. गुरं गेली, मग म्हातारी माणसं जाऊ लागली, मग लहान मुलं.

सुनेचा नवरा डोंगरापलीकडे धान्य आणायला गेला. तो अर्धं पोतं गहू घेऊन परतला, आणि अंगात ताप घेऊन परतला. गहू घरात राहिला. तो राहिला नाही.

त्या दिवसापासून सून प्रार्थनाघरात गेली नाही. गाणं तर सोडाच, जेवणापूर्वी हात जोडणंही तिनं सोडलं. "कशाबद्दल आभार मानू?" ती म्हणे. सासू चूल फुंकत राही. गेलेला तिचाही मुलगाच होता.

गावाच्या पंचांनी मग एक बैठक बोलावली. प्रार्थनाघराचे धर्मगुरू, पाळकबाबा, उभे राहिले. माणूस भला होता, पण त्यांनाही आता धीर उरला नव्हता.

"खमीर पवित्र आहे," ते म्हणाले. "ते सांभाळणं आपलं काम. पण उद्या कुणी भुकेनं वेडं होऊन ते खाऊन टाकलं तर? शिवाय त्याला रोज पीठ घालायचं कुठून? तेव्हा घरोघरचं खमीर आपण एकत्र करू, चांदीच्या पेटीत ठेवू, मेणानं पेटी बंद करू. चांगले दिवस आले की उघडू."

सगळ्यांना हे पटलं. पटण्यासारखंच होतं; एक काळजी कमी होत होती. माणसं मडकी घेऊन आली, खरवडून खरवडून देऊ लागली. सासूची पाळी आली तेव्हा ती मडकं छातीशी धरून उभी राहिली.

"बाबा, पेटीत त्याला पीठ कोण घालणार?"

"आजी, पीठ माणसांनाच पुरेना. खमीर तेवढे दिवस विश्रांती घेईल."

"त्याला विश्रांती कळत नाही हो. त्याला भूक तेवढी कळते."

पंच हसले. एक जण म्हणाला, "म्हातारीला वाटतं, तिच्या मडक्यावाचून देवाचं अडलंय!"

सासू रागावली नाही. "अर्धं घ्या," ती म्हणाली. "अर्धं मी घरी नेते." आणि खरोखरच सगळ्यांदेखत अर्धं मडकं घेऊन ती घरी आली.

पेटी प्रार्थनाघरात वेदीवर ठेवली गेली. लोक दर रविवारी तिच्यासमोर गुडघे टेकत, रडत, गाणी म्हणत. कुणीतरी ती रोज घासून लख्ख ठेवी. ती इतकी चकचकीत झाली, की वाकलेल्या माणसाला तिच्यात आपलं खप्पड तोंड दिसे.

इकडे घरात रोज भांडण. सून पिठाचे तीन वाटे करी. मुलीचा, सासूचा आणि आपला. वाटा कसला, मूठभर पीठ. सासू आपली मूठ घेई आणि सगळीच्या सगळी मडक्यात घाली. मडक्यातलं तेवढंच जुनं काढून बाजूला ठेवी. सून बघे आणि तिचं डोकं फिरे.

"आत्याबाई, घरात पोर भुकेनं रडतीय आणि तुम्ही मडक्याला भरवताय!"

"माझ्या वाट्यातलं घालते ना? तुझ्या नाही, पोरीच्या नाही."

"ज्यानं तुमचा लेक नेला त्याच्यासाठी?"

सासूचा हात क्षणभर थांबला. मग तिनं मडक्यावर ओलं फडकं नीट बसवलं. "यात तुझ्या आईचंही आहे, सूनबाई," ती म्हणाली. एवढंच.

सून रोज कंदमुळं खणायला डोंगरावर जाई. परत येई तेव्हा तवा धुऊन पालथा घातलेला असे. म्हातारीनं आपली आंबट भाकरी भाजून खाल्ली, असं ती धरून चाले. तरी सासू दिवसेंदिवस वाळत का चालली, आणि शेजारपाजारची पोरं माना टाकत असताना आपली पोर अंगणात खेळते कशी, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. दुःखी माणसाला पुष्कळ गोष्टी दिसत नाहीत.

एके सकाळी सासूला उठवेना. तिनं सुनेला जवळ बोलावलं.

"रडायचं असेल तर रड. त्याच्याशी भांडायचं असेल तर खुशाल भांड, तो ऐकून घेतो. पण मडक्याला पीठ घाल. विश्वास वाटला तरी घाल, नाही वाटला तरी घाल."

"मला नाही वाटत, आत्याबाई."

"मला तरी रोज कुठं वाटत होता, पोरी?" सासू म्हणाली.

उन्हं वर यायच्या आत ती गेली. सून तिच्या उशाशी बसून राहिली. या बाईनं आपल्याला फसवलं असं तिला वाटत होतं. एवढे दिवस एवढ्या ठामपणानं मडक्याला भरवणारी बाई शेवटी आपल्यालाही रोज विश्वास वाटत नव्हता असं सांगून गेली होती.

माती देऊन सून घरी परतली. पुढचे दोन दिवस तिनं मडक्याकडे बघितलंही नाही. तिसऱ्या सकाळी तिनं फडकं काढलं. खमीर खाली बसलं होतं, वर करडं पाणी साचलं होतं, वास नाकाला सोसवत नव्हता. बरंच झालं, असं ती मनाशी म्हणाली. सगळं उकळून पेज करावी, पोरीच्या पोटात दोन घास जातील. तिनं चूल पेटवली.

तेवढ्यात मुलगी उठून आली. चूल बघून तिचा चेहरा खुलला. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "आई, आजीची भाकरी आज तू करतीयस?"

"कुठली भाकरी?"

"आंबट. तू डोंगरावर गेलीस की आजी मला द्यायची ती."

"आणि आजी काय खायची?"

मुलीनं जरा विचार केला. "आजी पाणी प्यायची," ती म्हणाली.

सुनेच्या हातातली काटकी गळून पडली. मडक्यानं पोरीच्या तोंडचं काही खाल्लं नव्हतं. जेवढं घेतलं तेवढं ते रोज परत देत आलं होतं, आणि आलेलं सगळं पोरीच्या पोटात गेलं होतं. सून तिथंच चुलीपुढं बसली आणि नवरा गेल्यावरही रडली नव्हती तशी रडली.

मग तिनं डोळे पुसले, वरचं करडं पाणी ओतून टाकलं, आपल्या वाट्याची मूठ घेतली आणि मडक्यात घातली.

"तू आहेस की नाहीस, मला ठाऊक नाही," ती वर न बघताच म्हणाली. "असलास तर तुझ्याशी मला पुष्कळ बोलायचंय. तोवर हे पीठ घे." कित्येक महिन्यांतली तिची ही पहिली प्रार्थना होती.

खमीर उठलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती रोज भांडत राहिली आणि रोज पीठ घालत राहिली. मग एका सकाळी फडक्याखाली एक बुडबुडा दिसला. बस, एकच. आभाळातून धान्य पडलं नाही, कुणी देवदूत दारात आला नाही. भूक होती तशीच होती. पण तिनं त्या दिवशी मुलीला जवळ घेतलं आणि अगदी हळू आवाजात एक गाणं म्हटलं.

शेवटी एकदाचं पीक आलं. भरघोस नव्हे, जगण्यापुरतं. पुनरुत्थानाचा सण आला. उरलेलं गाव प्रार्थनाघरात जमलं, पाळकबाबांनी मेण फोडलं आणि पेटी उघडली.

आत एक काळा, दगडासारखा गोळा होता. त्यावर बुरशी वाढली होती. दुर्गंधीनं पुढची माणसं मागं सरली. तरी त्यांनी त्यात पीठ घातलं, कोमट पाणी घातलं, वाट पाहिली. काही हललं नाही. ज्यांनी घरातली मढी डोळे कोरडे ठेवून उचलली होती, ती माणसं त्या पेटीपुढं धाय मोकलून रडू लागली. "देव गावातून गेला," कुणीतरी म्हणालं.

तेव्हा सून दारातून आत आली. तिच्या हातात मडकं होतं, आणि खमीर फडकं वर उचलत कडेपर्यंत आलं होतं.

सासूला हसलेला तो पंच खाली बघू लागला. पाळकबाबांनी फडकं दूर केलं. "पोरी, एवढा विश्वास तू कुठून आणलास?"

"विश्वास कसला, बाबा! मी तर रोज त्याच्याशी भांडत होते," सून म्हणाली. "भांडत होते आणि पीठ घालत होते. हे आत्याबाईंचं आहे. त्यांना तुम्ही हसला होतात."

पाळकबाबा उपदेशाला उभे राहिले. "विश्वास सांभाळा, असं मी तुम्हाला सांगत आलो," ते म्हणाले, "आणि सांभाळणं म्हणजे कुलूप लावणं, असं मीच समजत होतो. देव मला क्षमा करो." ते खाली बसले.

मग एकेक घर वाटी घेऊन पुढं आलं आणि सून प्रत्येक वाटीत थोडं थोडं खमीर घालत गेली. रांग फार लवकर संपली. कितीतरी घरांतून वाटी घेऊन यायला कुणी उरलंच नव्हतं. त्या घरांच्या वाटचं खमीर तिनं सणाच्या भाकरीत मळलं.

भाकर भाजली गेली, मोडली गेली, वाटली गेली. माणसं खाऊ लागली. मुलीनं आपला तुकडा तोंडात घातला, थोडा वेळ चघळला आणि आईच्या कानाशी लागून म्हणाली, "आई, ही तर आजीचीच आहे."

तात्पर्य: विश्वास बंद करून ठेवल्यानं टिकत नाही, उपासमारीच्या दिवसांतही त्याला रोज आपल्या घासातला घास द्यावा लागतो.