न कुजणारे पितर

एका राज्यात माणूस मेला, की त्याच्या नावाचा सागाचा खांब कोरायचे. वर चंद्र-सूर्य, खाली माणसाची मूर्ती. खांब गावाबाहेर उघड्यावर उभा राहायचा. ऊन त्याला चिरायचं, पाऊस भिजवायचा, वाळवी खायची. खांबाची माती झाली, की पितर मोकळा व्हायचा आणि कुणाच्या तरी पोटी बाळ होऊन परत यायचा. अशी तिथली रीत.

राजाला ते खांब फार आवडले. "एवढं देखणं काम किड्यांनी खावं?" म्हणाला. सगळे उपटून महालात आणले. मांत्रिकानं त्यांना मंतरलेलं तेल चोळलं. ऊन, पाऊस, वाळवी, तिघंही रुसले. आणि राज्यात एक बाळ जन्माला येईना.

खांब कोरणारा म्हातारा ढोबू. त्याची लेक फुलय अकरा महिन्यांची गरोदर.

"बाबा, पोर आतच दाढी वाढवतंय बघा," ती हसून म्हणाली. पण तिचे ओठ निळे पडले होते.

उंबरावरून धनेश पक्षी बोलला, "ढोबू, पितर अडकले म्हणून बाळं अडकली. तिघांचा रुसवा काढ. अमावास्या उलटली, तर लेक जाईल."

ढोबू डोंगर चढून सूर्याकडे गेला. सूर्य म्हणाला, "एका डोळ्याची ज्योत दे." ढोबूनं दिली. मग पावसाकडे गेला. पाऊस म्हणाला, "झोपडीचं छप्पर दे." तेही दिलं. मग वारुळाशी उकिडवा बसला.

वाळवीची राणी म्हणाली, "खांब दोनशे. आधी कोणता खाऊ?"

"तुमच्या मनाला येईल तो."

"नाही. तू आपल्या हातानं नेऊन दिलास, तो."

ढोबूची मान खाली गेली. बाकीचे खांब शिपायांनी उपटले होते. बायकोचा खांब मात्र त्यानंच महालात पोचवला होता. तिच्या नाकातली फुली कोरायला तीन दिवस लागले होते. ती कुजू नये, असं त्यालाच वाटलं होतं.

"राणीबाई, तो खांब गेला तर तिचा चेहरा कुठं बघू? एक डोळा तर देऊन बसलो."

"उरलेल्या डोळ्यानं लेकीचा बघ."

ढोबू उठला, तो थेट राजापुढे उभा राहिला. "महाराज, पितर परत द्या."

"का रे, म्हाताऱ्या? इथं काय कमी आहे त्यांना?"

"राणीसाहेब कितव्या महिन्यात आहेत, महाराज?"

राजानं राणीच्या महालाकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "चौदाव्या."

"माझं तेल सात जन्म उतरायचं नाही!" मांत्रिक ओरडला. त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. राजानं ढोबूच्या बायकोच्या खांबाचं एक टोक स्वतः उचललं, दुसरं ढोबूनं. मागोमाग शिपाई बाकीचे खांब घेऊन निघाले.

ढोबूनं बायकोचा खांब उघड्यावर उभा केला. ऊन पडलं, मंतरलेलं तेल धूर होऊन उडालं, लाकूड चिरलं. चिरेत पाऊस शिरला. मग वाळवी चढली. आधी हात गेले, मग खांदे. सगळ्यात शेवटी फुली गेली. ढोबूनं नजर हटवली नाही.

"ये आता," एवढंच तो मातीला म्हणाला.

आणि बिनछपराच्या झोपडीतून टॅहां-टॅहां ऐकू आलं.

अमावास्येच्या आत दोनशे खांबांची माती झाली, घरोघर बाळंतविडे गेले, राजाची राणीही सुटली. मांत्रिक कुठं गेला, कुणी विचारलं नाही. तिथले पितर वाटेला लागले, तसे सगळ्यांचे लागोत.